शनिवारवाड्याचे तीन मजले आणि शेतकऱ्याची झोप



पुण्याच्या शनिवार पेठेत जाणारा प्रत्येक माणूस शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहून येतो. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या वाड्याचे काय केले, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. १८२५ साली बिशप हेबर नावाचा इंग्रज धर्मगुरू पुण्यात आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की वाड्याच्या तळमजल्यावर तुरुंग, पहिल्या मजल्यावर दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर वेड्यांचे इस्पितळ करण्याचे काम चालू होते. १८२८ च्या आगीत वाडा जळाला.

वाडा जळाला, पण ते तीन मजले राज्यकर्त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. शेतकऱ्याचे कर्ज थकले, टाका तळमजल्यावर. खंगला, न्या पहिल्यावर. बोलायचा बंद झाला, चढवा दुसऱ्यावर. तपासणी सगळीकडे शेतकऱ्याची. त्याच्या मालाच्या भावाची तपासणी करणारा मजला कोणी बांधला नाही.

सध्या दुसऱ्या मजल्याची चलती आहे. २०१५ साली सरकारने विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' काढला आणि शेतकऱ्याला समुपदेशन देऊ केले. त्यापाठोपाठ फुकटचे उपदेशकही उगवले. शेतकऱ्याचे मन कमकुवत झाले आहे, त्याने लग्नात उधळपट्टी करू नये, पहाटे उठून प्राणायाम करावा! अहो, कापूसवाल्याला तीन वाजताच जाग येते. ती कशाने येते, ते विचारा.

हातावर पोट असलेल्या सगळ्यांनाच काळजी असते. पण सुतार चौकटीचा भाव आधी ठरवतो आणि मग रंधा हातात घेतो. आम्ही जूनमध्ये बी टाकतो आणि नोव्हेंबरात भाव दुसराच कोणी ठरवतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा खर्च ठरलेला. उत्पन्न तेवढे रामभरोसे. पावसाने ताण दिला की दुबार पेरणी, बोंडे लागली की बोंडअळी. कृषी केंद्राची उधारी आणि बँकेचे नवे-जुने आहेच. अशा धंद्यात ज्याला झोप लागत नाही त्याचे डोके बिघडलेले नसते. त्याचा हिशेब बरोबर असतो.

२०२५ चाच हंगाम घ्या. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० रुपये, संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला. सरकार म्हणते, खर्चाच्या दीडपट दिला. कोणत्या खर्चाच्या? आमच्या जमिनीचा खंड आणि आमच्या भांडवलाचे व्याज त्या खर्चात धरतच नाहीत. वर १९ ऑगस्टला, कापूस रानात उभा असताना, परदेशी कापसावरचा अकरा टक्के आयात कर काढून टाकला आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन आमच्या वेचणीच्या महिन्यांत दार सताड उघडे! त्या रात्री ज्याची झोप उडाली, त्याला काय सांगायचे? श्वास लांब घे?

२०२२ साली देशात ११,२९० शेतकरी-शेतमजुरांनी जीव दिल्याची नोंद सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने केली. त्यांपैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. प्रत्येक घराची कहाणी वेगळी असेल. पण इतक्या माणसांची मने आपोआप कमकुवत होत नाहीत.

आता थोडे आपल्या घरातलेही बोलू. आपल्यातही काही जण म्हणतात, दाम मिळाला की मन आपोआप ताळ्यावर येईल, ही मनाबिनाची थेरं शहरवाल्यांची. हेही साफ खोटे आहे. दाम मिळेपर्यंत माणूस जगायला हवा. कर्ज घरोघर आहे, पण जो तो एकट्याने लपवतो. बँकेवरून जाणारा रस्ता टाळतो, सोयऱ्याच्या लग्नाला जात नाही, घरधनिणीला आकडा सांगत नाही. कर्ज सरकारी धोरणाने चढवले. लाज मात्र आपण आपल्याच हाताने सातबाऱ्यावर चढवून घेतली. ही लाज माणसाला आतून पोखरते.

याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याची गोष्ट आठवा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज तेवढे मागे राहिले. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकरी एकत्र जमले, सावकारांकडून कर्जाचे कागद मागून घेतले आणि जाळले. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. सरकारला आयोग नेमावा लागला आणि १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जापायी अटक करणे बंद झाले. तळमजल्याला कुलूप लागले ते असे. आज कागद जाळायचे नाहीत. शिकायचे ते एवढेच, की कर्ज एकेकट्याचे होते तोवर ती लाज होती. चारचौघांत आले तेव्हा त्याचा कायदा झाला.

म्हणून गावोगावी एवढे करा. आज घरी गेल्यावर कर्जाचा खरा आकडा घरात सांगा. एकरी खर्च, मिळालेला भाव आणि तोटा वहीत मांडून चावडीवर मोठ्याने वाचा. जो बैठकीला यायचा थांबला, ज्याचे जेवण तुटले, जो 'माझ्यामागे पोरांचे बघा' असे बोलू लागला, त्याच्या घरी दोघे जण जा. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारा. विचारल्याने अघटित घडत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. पंधरा दिवस झोप नसेल तर त्याला सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते. पाय मोडला तर प्लास्टर घालतो, मग मनानेच काय पाप केले? औषध घेतले म्हणजे सरकारला माफ केले असे होत नाही.

दुसऱ्या मजल्यावर जायची वेळ आली तर जरूर जाऊ. पण आपल्या पायांनी, बरे होऊन खाली उतरण्यासाठी. उतरल्यावर हिशेब मागायचाच आहे. घामाचे दाम मागायला घाम गाळणारा जिवंत पाहिजे.