सर्वो घ्या, पण दाते बघून
रिमोटवरची गाडी वेगात कठड्याला धडकली, की पहिला मार बसतो तो चाके वळवणाऱ्या सर्वोच्या दात्यांना. म्हणून बजेट लहान असले तरी १:१० मापाच्या गाडीसाठी धातूचे गिअर असलेलाच सर्वो घ्या. प्लास्टिक गिअरचा, ९ ग्रॅमचा एसजी९० तिथे टिकत नाही. १० ते २० किलो-सेंटिमीटर टॉर्क बहुतेकांना पुरतो. मात्र तो आकडा किती व्होल्टचा आहे, हे जरूर वाचा. ६ व्होल्टला मिळणारा जोर ४.८ व्होल्टला मिळत नाही. धडकेचा झटका झेलणारा सर्वो सेव्हर कधीही काढू नका. खाऊचे पैसे साठवून गाडी बांधणाऱ्या मुलांना दुकानात जाण्याआधीच हे कुणीतरी समजावून सांगायला हवे.