सोनेरी अक्षरं किती दिवस टिकतात?

आमच्या मानसरोवरमध्ये एका रस्त्याचं नाव स्वर्ण पथ आहे आणि दुसऱ्याचं रजत पथ. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकूंचा आणि माझा वादही तोच होता, बाटलीवर अक्षरं सोनेरी हवीत की चंदेरी? ती अक्षरं टिकतील का, हा प्रश्न मात्र दोघींच्याही डोक्यात आला नाही. त्याचा फटका एक हजार बाटल्यांना बसला.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण, मूळच्या विट्याच्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली. तसेच काकाही जयपूरला आले. काकू केसांचं तेल वर्षानुवर्षं घरी उकळायच्या, ओळखीत वाटायच्या. मग विकायचं ठरलं. कॉस्मेटिक विकायचं तर ते परवाना असलेल्या जागीच बनवावं लागतं, म्हणून त्यांनी एका परवानाधारक कारखान्यातून तेल बनवून घेतलं आणि भिशीचे पैसे बाटल्यांत घातले. बाटलीवरचा मजकूर मी लिहिला. "सोनेरी फॉइलच करा काकू, प्रीमियम दिसतं," हा सल्लाही माझाच.

बाटल्या आल्या तेव्हा दिसायला झकास होत्या. पांढरी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर थेट सोनेरी छाप. एक बाटली काकूंनी स्वतःला वापरायला ठेवली. आठव्या दिवशी ती घेऊन त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या. "अगं, हे बघ की!" नावातलं 'केश' शाबूत होतं, 'तेल' गेलं होतं. बाटली रोज तेलकट हातानं धरली होती, बाकी काही नाही. काकांनी त्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "सोनं असं उडत नसतं."

विक्रेत्याशी बोलले तर तो म्हणाला, "बाटलीत तेल भरणार हे तुम्ही सांगितलंच नव्हतं." खरंच सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त रंग निवडला होता. म्हणून आज या सदरात आम्ही चुकून शिकलो ते सगळं लिहिते आहे.

ते सोनं नसतंच

बाटली, झाकण किंवा खोक्यावरचा सोनेरी छाप बहुतेक वेळा हॉट स्टॅम्पिंगचा असतो. एका पातळ प्लास्टिक फिल्मवर ॲल्युमिनियमचा अगदी तलम थर असतो, त्यावर पिवळसर रंगाचा लेप आणि खालच्या बाजूला गरम झाल्यावर चिकटणारा थर. तापलेला ठसा दाबला की तो थर बाटलीवर उतरतो आणि फिल्म निघून येते. चमक ॲल्युमिनियमची, सोनेरीपणा रंगाचा. म्हणजे सगळा खेळ त्या चिकट थराचा आहे. तो बाटलीच्या प्लास्टिकला नीट धरतो का आणि तेल, स्पिरिट, पाणी सोसतो का, हे आधी विचारायचं.

इथेच प्लास्टिकची जात महत्त्वाची ठरते. पारदर्शक पेट बाटलीवर छपाई तुलनेनं सहज धरते. एचडीपीई आणि पीपी ही प्लास्टिकं मात्र मुळातच बुळबुळीत असतात, त्यांच्यावर शाई पसरत नाही आणि धरतही नाही. म्हणून छपाईआधी बाटलीवरून क्षणभर ज्योत फिरवतात किंवा विजेची प्रक्रिया करतात. ती टाळली, तर छपाई सुंदर दिसते आणि आठवड्यात निघते. आमची बाटली एचडीपीईची होती.

कशावर काय शोभतं, काय टिकतं

स्क्रीन प्रिंटिंग : जाळीतून शाई उतरवायची. साध्या एका-दोन रंगांसाठी भरवशाची. काचेवर खास शाई लावून बाटली भट्टीत भाजली, तर छाप काचेशी एकजीव होतो आणि सहसा निघत नाही.

फ्रॉस्टेड काच : ही दोन प्रकारे होते. ॲसिडनं काचेचा पृष्ठभागच खरवडलेला असेल तर तो धूसरपणा कायमचा. वरून फवारलेला लेप असेल तर नाणं घासल्यावर ओरखडा उठू शकतो. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून विचारा.

मेटलाइज्ड झाकणं : आरशासारखी चकाकणारी प्लास्टिकची झाकणं. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात आणि वर पारदर्शक लेप देतात. तो लेप कच्चा असेल, तर परफ्यूमच्या थेंबांनी झाकणावर डाग पडतात.

ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम : लिपस्टिकच्या नळीवर किंवा स्प्रेच्या कॉलरवर दिसतं. इथे रंग धातूच्याच वरच्या थरात मुरलेला असतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

मॅट आणि सॉफ्ट-टच खोकी : हाताला मखमली लागतात. पण गडद रंगाच्या खोक्यावर तेलकट बोटांचे ठसे लगेच उमटतात. शिवाय कागदावर प्लास्टिकची फिल्म चढली की तो कागद पुन्हा वापरात आणणं अवघड होतं.

लेबल : सगळ्यात साधं आणि नव्या धंद्याला सगळ्यात सोयीचं. मात्र बाथरूममध्ये राहणाऱ्या वस्तूला कागदी लेबल नको, ते भिजतं. प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्या.

बाटली वेगळी आणि लेबल वेगळं, ही काही कमीपणाची गोष्ट नाही. राजस्थानातल्या झालरापाटणहून मुंबईत गेलेल्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' ही क्रीम आणली. तिच्या बाटल्या जर्मनीहून आणि लेबलं जपानहून येत, असं सांगतात. आपल्या आजीच्या पिढीला ती बाटली लांबूनही ओळखू यायची.

होलसेलचा हिशोब सांगानेरला कळला

मानसरोवरला लागूनच सांगानेर आहे, ठशांच्या छपाईचं जुनं गाव. तिथल्या कापडावर प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो. 'रेख' बाह्यरेषा काढतो, 'दत्ता' आतला रंग भरतो, 'गद' मागचा रंग देतो. रंग वाढला की ठसा वाढला, ठसा वाढला की कारागिराचा हात वाढला. बाटलीचंही तसंच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, फॉइलला वेगळा धातूचा ठसा.

हा खर्च एकदाच होतो, पण तो नगांवर वाटला जातो. समजा एका रंगाच्या तयारीला १,००० रुपये लागले. ५,००० बाटल्या केल्या तर बाटलीमागे २० पैसे पडतात, २०० केल्या तर ५ रुपये. म्हणून विक्रेता जास्त नग घ्यायचा आग्रह धरतो आणि कागदावर तो स्वस्तही दिसतो. पण छापलेली बाटली परत जात नाही. माल खपला नाही किंवा मजकुरात एक अक्षर चुकलं, तर ते २० पैसे फार महागात पडतात. पहिल्या लॉटला बाटली साधी घ्या आणि सजावट लेबलवर करा. खप कळल्यावर थेट छपाईचा विचार करा.

ऑर्डरच्या आधी घरी करायच्या पाच परीक्षा

१. स्वतःचाच माल बाटलीवर चोळा. तेल, क्रीम, परफ्यूम, जे भरणार तेच. एक दिवस तसंच ठेवून सुती कापडानं पुसा. कापडाला रंग लागला तर नकार द्या.

२. छपाईवर ब्लेडनं बारीक चौकटी पाडा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीला अक्षरं चिकटून आली तर छपाई कच्ची. रंगाच्या कारखान्यांतही याच धर्तीची चाचणी करतात.

३. दहा बाटल्या एका खोक्यात भरून दोन दिवस स्कूटरच्या डिकीत फिरवा. एकमेकींना घासून काय होतं ते कुरिअरच्या आधी तुम्हाला कळेल.

४. एक बाटली आठवडाभर बाथरूममध्ये आणि एक गच्चीवर उन्हात ठेवा. जयपूर असो की नागपूर, उन्हाळ्यात बंद टेम्पोत माल चांगलाच तापतो.

५. आईला किंवा आजीला चष्म्याशिवाय वाचायला द्या. पांढऱ्यावर सोनेरी बारीक अक्षरं फोटोत छान दिसतात, पण दिव्याखाली चमकतात आणि वाचता येत नाहीत.

सॅम्पल नेहमी छापलेलंच मागा आणि त्याच प्लास्टिकच्या बाटलीवर. कोऱ्या बाटलीवरून आणि मोबाइलवरच्या चित्रावरून काहीच कळत नाही. मान्य केलेल्या सॅम्पलवर तारीख घालून एक नग स्वतःकडे ठेवा. बाटलीत काय भरणार हे ऑर्डरमध्ये लिहून द्या.

जे उडायला नको ते सजवू नका

आमची मोठी चूक नावाची नव्हती. त्याच सोनेरी फॉइलमध्ये आम्ही किंमत, वजन, परवाना क्रमांक आणि पत्ताही छापला होता. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत, परवाना क्रमांक आणि घटक पदार्थ लेबलवर लागतात. वजन-मापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कमाल किंमत, निव्वळ वजन आणि तक्रारीसाठी संपर्कही लागतो. हा मजकूर साध्या गडद शाईत, स्वच्छ पार्श्वभूमीवर असावा. बॅच, तारीख आणि किंमत बदलत राहतात, त्यांच्यासाठी कोरी जागा सोडा.

तुम्ही काही विकत नसाल, तरी हे तुमच्याही कामाचं आहे. नवीन क्रीम घरी आणली की मुदतीच्या तारखेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अक्षरं पुसली गेल्यावर ती बाटली किती जुनी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या बाटल्यांचं काय झालं?

हजार बाटल्यांवर आम्ही पांढऱ्या फिल्मची लेबलं गुंडाळली. काका दुकानातून आले की जेवून बसायचे, काकू लेबल सरळ आहे का बघायच्या आणि मी खाली मान घालून चिकटवत राहायचे. दिवाळीत माल गेला. भिशीचे पैसे परत आले, वर काही उरलं नाही. काकू मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं.

दुसरा लॉट साध्या तपकिरी पेट बाटलीत आला, ३०० नग. बाटलीवर फिल्मचं लेबल. सणाची शोभा म्हणून गळ्यात एक छोटी चिठ्ठी बांधली, सांगानेरच्या हातकागदाची. तिथले कागजी पिढ्यानपिढ्या हा कागद बनवतात, कापडाच्या सुती चिंध्यांपासून. पुण्याच्या हातकागद संस्थेचंही काम १९४० पासूनचं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना असा कागद तिकडेही मिळेल. त्या कागदावर आम्ही नाव नुसतं दाबून उठवलं. शाई नाही, फॉइल नाही.

परवा काकांनी ती चिठ्ठी हातात घेतली, सवयीनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोट उलटं करून बघितलं. बोटाला काही लागलं नव्हतं. "हे बरं आहे," म्हणाले.

काकूंनी तेवढ्यावर पुढच्या ३०० बाटल्यांची ऑर्डर दिली.