मौज म्हणजे लाट



मुंबई-गोवा महामार्गावर, मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर कोलाड हे गाव आहे. ते रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यात येते. कोकण रेल्वेने गेलात, तर रोह्यानंतरचे पहिले स्थानक कोलाडच. जवळून कुंडलिका नदी वाहते. या नदीत रबरी होडीत बसून उसळत्या पाण्यावरून जाण्याचा खेळ चालतो. त्याला राफ्टिंग म्हणतात. त्यासाठी शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याची पुष्कळ माणसे येथे येतात.

रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचा. कॅम्पिंग, रिसॉर्ट, अ‍ॅडव्हेंचर, वीकेंड, पिकनिक, फन! अक्षरे कधी देवनागरी असतात, पण शब्द इंग्रजीच. परत निघालेल्या पाहुण्याला विचारा, “कसं वाटलं?” उत्तर मिळते, “खूप एन्जॉय केलं!” जेवण कसे होते? एन्जॉय केले. पाऊस आला का? तोही एन्जॉय केला.

इंग्रजी शब्द वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. राफ्टिंग हा खेळच आपल्याकडे नवा आहे. तो आला आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर आले. होडीतला मार्गदर्शक ‘फॉरवर्ड’, ‘स्टॉप’ असे हुकूम देतो. हे शब्द छोटे आहेत आणि वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या पाहुण्यांना ते चटकन समजतात. खळाळत्या पाण्यात अर्थ विचारत बसायला वेळ नसतो. असे शब्द जरूर घ्यावेत. पण आनंद काही कोलाडला राफ्टिंगबरोबर आलेला नाही. तो आधीपासून होता आणि त्याला नावेही होती.

ती नावे कोणती? तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. म्हणून ती तुम्हांला लगेच ओळखीची वाटतील. ‘मौज’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ लाट. ‘मजा’ फारसीतून आला. त्याचा अर्थ चव. मराठी माणूस ‘मौजमजा’ म्हणतो, तेव्हा तो नकळत लाट आणि चव ही दोन्ही एका शब्दात बांधतो. आता कुंडलिकेच्या लाटांवर नाचणारी होडी डोळ्यांसमोर आणा. त्या आनंदाला ‘मौज’ या शब्दाहून नेमके नाव कोणते असेल?

काही शब्दांनी तर मराठीत येऊन नवा अर्थ घेतला. उर्दूतला ‘हवस’ म्हणजे हाव. तो शब्द काही चांगला समजला जात नाही. पण तोच मराठीत ‘हौस’ झाला आणि गोड झाला. आई हौसेने लेकीसाठी कपडे शिवते. मुलगा हौसेने चित्र काढतो. ‘हौसेला मोल नाही’ अशी मराठीत म्हणच आहे. उर्दूत कोणत्याही पाहण्यासारख्या प्रकाराला ‘तमाशा’ म्हणतात. महाराष्ट्रात तमाशा म्हणजे ढोलकीच्या तालावर रंगणारी, लावणी आणि वग असलेली लोककला. दर्ग्याचा ‘उर्स’ मराठीत ‘उरूस’ झाला आणि कितीतरी गावांत हिंदू-मुसलमान मिळून त्या उरुसाला जाऊ लागले.

तुम्ही म्हणाल, “मग हे शब्दही बाहेरचेच. ते चालतात, तर ‘एन्जॉय’ का चालू नये?”

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर कुंडलिकेजवळच सापडते. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. मुळेचे पाणी खरे तर पूर्वेकडे वाहणारे. भीमा आणि कृष्णा या नद्यांतून ते बंगालच्या उपसागराला मिळायचे. पण धरणातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला आणले जाते. तेथील वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. राफ्टिंग चालते ते याच पाण्याच्या जोरावर. पाणी दुसऱ्या नदीचे म्हणून कुंडलिकेने ते नाकारले नाही. उलट त्या पाण्याने तिचा प्रवाह वाढला.

शब्दांचेही तसेच आहे. मौज, मजा, हौस हे शब्द आले, तेव्हा मराठीतले आनंद, गंमत, उल्हास हे शब्द निघून गेले नाहीत. भाषेचा प्रवाह मोठा झाला. ‘एन्जॉय’ने मात्र उलटे घडते आहे. हा एकच शब्द दहा शब्दांची जागा अडवून बसतो. लग्नात हौस असते, गाण्यात रंग भरतो, बोलण्यात गंमत असते, मित्राची मस्करी करता येते आणि नदीवर मौज वाटते. हे सारे निरनिराळे अनुभव आहेत. सगळ्यांना एकच नाव दिले, की त्यांतला फरक हळूहळू आपल्यालाही जाणवेनासा होतो. शब्द परका आहे ही माझी तक्रार नाही. तो इतरांना जागा देत नाही, ही तक्रार आहे.

आणखी एक तोटा आहे. पाट्यांवरचे शब्द हे विक्रीचे शब्द आहेत. त्यांच्यामागे दर असतो, तिकीट असते. सारखे तेच शब्द कानांवर पडले, की पैसे मोजल्याशिवाय आनंद मिळतच नाही, असे मुलांना वाटू लागते. याच रायगड जिल्ह्यात पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून भातशेतांकडे चढू लागतात. त्याला वलगण म्हणतात. तेव्हा लहानथोर सगळे मासे धरायला धावतात. भिजतात, घसरतात, हसतात. या आनंदाची पाटी कोणी लावत नाही. म्हणून तो आनंद कमी प्रतीचा ठरतो काय?

मित्रांनो, पुष्कळदा तुम्हांला वाटते, की मराठी ही दुसऱ्या कोणाची तरी भाषा आहे आणि आपण ती केवळ परीक्षेसाठी शिकतो. पण मराठी माणूस हसताना, खेळताना जे शब्द उच्चारतो, त्यांतले कितीतरी शब्द तुम्ही घरी रोज ऐकता. मराठीच्या आनंदात तुमचाही वाटा आहे. तो वाटा सोडू नका.

पुढच्या सहलीनंतर वर्गात निबंध लिहाल, तेव्हा ‘एन्जॉय केले’ असे लिहिण्याआधी क्षणभर थांबा. आपल्याला नेमके काय वाटले, ते आठवा. मौज वाटली, गंमत वाटली, की हौस फिटली? जे वाटले असेल, त्याचे नाव लिहा.