ओढा सुशोभित झाला, खेकडा कुठे गेला?

ओढ्याचं 'सुशोभीकरण' म्हणजे काय, हे आता आपल्याला पाठ झालंय. जेसीबी येतो, काठची झुडपं आणि पाचोळा ट्रकमधून जातो, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत उभी राहते. वर पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि चार कुंड्या. फोटो छान येतात. झाडं किती तोडली यावर निदान भांडण तरी होतं. काठच्या मातीत राहणाऱ्या, सरपटणाऱ्या जिवांचा हिशोब मात्र कोणी मागत नाही.

एप्रिल-मेमध्ये एखाद्या जित्या ओढ्याकाठी जाऊन बघा. आजूबाजूची जमीन तापून भेगाळलेली असते, ओल उरते ती काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात. वाणी, गोम, गांडुळं तिथल्या पाचोळ्याखाली, दगडांखाली उन्हाळा काढतात. पाण्यात वाढलेले किडे पंख फुटून बाहेर आले की काठावरचा लांडगा कोळी त्यांना गाठतो. हा जाळं विणत बसत नाही, पळत शिकार करतो. मादी तर पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. ओढ्यातलं अन्न असं काठावर येतं आणि पुढे बेडूक-पक्ष्यांपर्यंत पोचतं.

सगळ्यांना सावलीच हवी असंही नाही. टायगर बीटल या भुंगेऱ्याच्या कितीतरी जातींना उघडी, ओलसर वाळू लागते. त्यांच्या अळ्या जमिनीत उभं बीळ करून तोंडाशी दबा धरून बसतात. म्हणून काठावर इंच न् इंच झाडं लावणं हेही उत्तर नव्हे. (एनएसएसवाल्यांनो, ऐकताय ना?)

सगळ्यात अडचणीत आहे तो खेकडा. समुद्री खेकड्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर पोचतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच निघतो आणि आधी काही काळ आईच्या पोटाखाली राहतो. त्यामुळे या जाती फार लांब पसरत नाहीत. 2016मध्ये सह्याद्रीतून खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदवल्या गेल्या. एवढ्याशा टापूत राहणारी जात तिथून गेली, की शेजारच्या खोऱ्यातून येऊन ती जागा भरून निघेल याची खात्री नाही.

आता पुराचं. सप्टेंबर 2019मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरानं माणसं गेली. घरं पाण्याला भिडलेली आहेत तिथे भिंत नकोच म्हणण्याचा शहाणपणा आपण करू नये. पण जिथे काठ अजून मोकळा आहे, तिथेही भिंतच का? निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणारा पूर धरून आखतात. त्या पट्ट्यात बांधकाम नको, हे आधीच ठरलेलं आहे. मग तो पट्टा मातीचा, पाचोळ्याचा, वाळूचाच राहू दे की! पुरालाही पसरायला जागा मिळते.

जैवविविधता कायदा 2002चा. त्यानुसार ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी जैवविविधता समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. तुमच्या गावची वही मागा. त्यात ओढ्याकाठचा एक तरी कोळी, एक तरी भुंगेरा आहे का बघा. नसेल तर नोंद तुम्हीच करा, काम निघायच्या आधी. प्लास्टिकचा कप काठ जमिनीच्या पातळीला येईल असा संध्याकाळी पुरा. रात्री चालणारे त्यात पडतात. सकाळी लवकर फोटो काढा, मोजा, सोडून द्या, कप उचला. आणि तळाला बारीक भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर वळवाची एक सर आली तरी आतले बुडतील.