बरा होणारा आजार, अपुरा आधार

मुलांच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्यातला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार दोन ते पाच वर्षांच्या वयात जास्त दिसतो. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिकट पडते. प्लेटलेट घटल्या की अंगावर निळसर डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. हाडे दुखतात म्हणून मूल चालायला नकार देते.

१९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी या मुलांचा आजार औषधाने, काही काळापुरता का होईना, मागे हटवून दाखवला. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या संशोधनगटाने घडवले होते. आज श्रीमंत देशांत या प्रकारची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. गरीब देशांत मात्र कर्करोग झालेल्या मुलांपैकी निम्मीही वाचत नाहीत. औषधे बव्हंशी तीच असूनही हा फरक पडतो, कारण निदान उशिरा होते, संसर्ग जीव घेतो आणि उपचार मध्येच सुटतो.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ आहे. अशा गावातल्या कुटुंबाची वाट तापाच्या गोळ्यांपासून सुरू होते. साध्या रक्ततपासणीत शंका येते. पण खात्रीसाठी अस्थिमज्जेची तपासणी लागते आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. पहिला महिनाभराचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. नंतरचे टप्पे धरून उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. एवढा काळ आई किंवा वडील शेत, मजुरी आणि घरची दुसरी मुले सोडून शहरात राहतात. पेरणी चुकते, उसनवारी वाढते, जनावरे विकली जातात.

औषधोपचाराच्या खर्चाला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणे बंधनकारक आहे. रेल्वेतही कर्करुग्णाला प्रवासभाड्यात सवलत मिळते. परंतु मुंबईतली खोली, रोजचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार कोणतीही योजना पुरेसा उचलत नाही.

ही पोकळी संस्थांनी भरून काढली आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्णांना व नातेवाइकांना निवारा देतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये बालरुग्णाचे कुटुंब विनामूल्य राहते. कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहाराकडे पाहते. हे काम उपचाराइतकेच मोलाचे आहे. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला फुटपाथवर राहावे लागले, तर साधा संसर्गही जिवावर बेततो. कुपोषित मुलाला औषधाचा मारा सोसवत नाही. म्हणून निवारा, आहार आणि प्रवासखर्च हे उपचाराचेच भाग मानले पाहिजेत. दात्यांनी त्यांसाठी सढळ हाताने द्यावे. शासनानेही योजनेत त्यांची तरतूद करावी. संस्थांच्या भरवशावर जबाबदारी सोडू नये.

पुढचे काम जिल्ह्यात आहे. लांबलेल्या तापासोबत फिकटपणा किंवा निळे डाग दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याच आठवड्यात रक्ताची मोजणी आणि स्लाइड तपासून घ्यावी. शेवटच्या, लांबलचक टप्प्यात बहुतांश औषधे तोंडाने घेता येतात. मोठ्या रुग्णालयाच्या सल्ल्याने रक्ततपासणी आणि तापावरचे तातडीचे उपचार जालन्यात मिळाले, तर कितीतरी खेपा वाचतील. उपचार सुटलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी आशा सेविकेमार्फत विचारणा व्हावी. कारण उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच मूल टवटवीत दिसू लागते आणि कुटुंबाला ते बरे झाले असे वाटते. नेमक्या त्याच वेळी औषध थांबले, तर आजार उलटतो आणि पुन्हा आटोक्यात आणणे कितीतरी अवघड होते.

गावाचाही यात वाटा आहे. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून रक्तदान वर्षातून एकदा नव्हे, नियमित हवे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे शाळेने पालकांना सांगावे आणि उपचारानंतर परतणाऱ्या मुलाला वर्गात सामावून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर जांब समर्थसारख्या गावातून निघालेल्या कुटुंबाला शेवटच्या गोळीपर्यंत पैशाअभावी परत फिरावे लागणार नाही, एवढी हमी शासन आणि समाज यांनी मिळून द्यायला हवी.