काटा कोणाच्या हाती?

अकोला-वाशीम रस्त्यावरील मेडशीत रात्री कोणी मोबाइलवर मालिका पाहत असेल, तर तो एकटाच पाहत नसतो. मालिका दाखवणारी कंपनीही त्याला पाहत असते. त्याने चित्र कोठे थांबवले, काय पुन्हा पाहिले, कोणता भाग अर्ध्यावर टाकला, या साऱ्याची नोंद होते. वर्गणीचे पैसे तो देतोच. ही नोंद मात्र फुकट देतो. आणि याच फुकटच्या ऐवजातून कंपनीचे खरे भांडवल उभे राहते.

२०१३ साली प्रदर्शित झालेली 'हाऊस ऑफ कार्ड्स' ही मालिका नेटफ्लिक्सने नमुन्याचा भाग न मागता एकदम दोन पर्वांसाठी घेतली होती. ग्राहकांच्या आवडीनिवडीचा हिशेब हाती असल्याने हे धाडस करता आले. प्रेक्षक जितके अधिक, तितका अंदाज अचूक. आणि अंदाज अचूक म्हणून प्रेक्षक आणखी अधिक. नव्या मराठी संस्थेला लेखक मिळतील, कॅमेरे मिळतील. पण वर्षानुवर्षांच्या या नोंदी ती कोठून आणणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे मिळून जिओहॉटस्टार झाले. अशा एकत्रीकरणात केवळ चित्रपटांचे नव्हे, ग्राहकांचेही साठे एका मालकाखाली येतात.

यामुळे ग्राहकाला मनाजोगते चटकन सापडते, असे कंपन्या सांगतात. ते खोटे नाही. परंतु प्रश्न सोयीचा नसून मालकीचा आहे. दादा कोंडके यांच्या चित्रपटांचे रौप्यमहोत्सव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असत; करमणूक करापायी तिकिटांचा हिशेब सरकारलाही द्यावा लागे. प्रेक्षकांची मोजणी ही उघड गोष्ट होती आणि तिच्या बळावर कलावंताला आपले मोल मागता येई. आज ती मोजणी मालकाच्या तिजोरीत गेली आहे. २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत ही आकडेवारी मिळावी हीही एक मागणी होती. अखेर त्यांच्या संघटनेला पाहिल्या गेलेल्या तासांचे आकडे मिळाले, तेही गुप्ततेच्या अटीवर. आपल्याकडील मालिकालेखकांना एवढाही आधार नाही.

वाशीम जिल्ह्याला हा प्रश्न नवा वाटू नये. याच जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांचे हित होते, हे खरे. तरीही माप आणि भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य झाले. पुढे १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांमार्फत ते राज्यभर रुजवले. माहितीच्या बाजारात मात्र काटाही व्यापाऱ्याचा आणि वहीही त्याचीच.

२०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला देऊ केला होता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. तो परत आणला पाहिजे. तसेच प्रत्येक कृती किती पाहिली गेली, हे तिच्या लेखकाला व कलावंताला कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले पाहिजे. एवढे झाल्याने मक्तेदारी संपणार नाही. पण काटा निदान उघड्यावर येईल.