दुकान आणि संगणक : फॉर्म भरला, नोंद कोठे गेली?

दिवाळीपूर्वीचे सहा आठवडे घाऊक कापडाच्या पेढीला श्वास घेऊ देत नाहीत. पूर्वी या दिवसांत फिरते विक्रेते गावोगावच्या मागण्या टिपणवहीत उतरवून आणीत. आता पुष्कळ पेढ्यांनी आपल्या संकेतस्थळावर मागणीचा फॉर्म ठेवला आहे. तालुक्याच्या गावचा किरकोळ दुकानदार रात्री दुकान वाढवून तो फॉर्म भरतो, ‘धन्यवाद, आपली मागणी मिळाली’ हे वाक्य पडद्यावर वाचतो आणि निश्चिंत होतो. पेढीच्या डेटाबेसात मात्र ती मागणी नसते. किंवा असते, पण ओळखू न येण्याजोग्या रूपात. आठ दिवसांनी दूरध्वनीवर जो वाद होतो, त्यात दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. म्हणूनच तो मिटत नाही, आणि जुने गिऱ्हाईक मनात अढी धरून बसते.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कीर्द-खतावणी लिहिली गेली, त्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको. चूक बहुधा एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंद नेताना होते. फॉर्म हे कच्चे टिपण, डेटाबेस ही खतावणी, आणि सर्व्हरवरील प्रोग्रॅम हा मधला कारकून. हा कारकून विलक्षण वेगवान आहे, थकत नाही. पण त्याला शंका विचारण्याची सवय नाही. नोंद रकान्यात मावली नाही, तर तो ती कापून मावेल एवढी करतो आणि पुढे जातो. लहान पेढ्यांच्या संकेतस्थळांमागे पीएचपी व मायएसक्यूएल ही जोडी फार आढळते, म्हणून पुढील उदाहरणे तिच्यावरूनच घेतली आहेत.

जोडणी मुळीच होत नसेल, तर ते दुखणे त्यातल्या त्यात सुखाचे, कारण ते लपून राहत नाही. संदेश ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर त्या पत्त्यावर दार उघडणारे कोणी नाही असे समजावे: डेटाबेस बंद आहे, किंवा पत्ता अथवा पोर्ट चुकले आहे. ‘ॲक्सेस डिनाइड’ असेल, तर दारात कोणीतरी उभे आहे, पण आपले नाव किंवा परवलीचा शब्द त्याला मान्य नाही. संकेतस्थळ घरच्या संगणकावरून भाड्याच्या सर्व्हरवर हलविले, की जुना पत्ता तसाच राहून हा प्रकार हमखास घडतो. तासाभराचे काम. एखादा रकाना कायम रिकामाच येत असेल, तर त्या रकान्याला फॉर्ममध्ये दिलेले नाव व प्रोग्रॅम ज्या नावाने तो मागतो ते नाव, ही दोन्ही अक्षर न् अक्षर जुळतात का, ते पाहावे. नावच न दिलेला रकाना ब्राउझर पाठवीतच नाही. खूण न केलेला चौकोनही पाठवीत नाही.

खरा घात होतो तो जोडणी उत्तम चालू असताना. फोन क्रमांकाचेच पाहा. क्रमांक म्हणजे आकडा, असे समजून टेबल तयार करणारा मुलगा त्या रकान्याला पूर्णांकाचा प्रकार देतो. मायएसक्यूएलमधील साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो व त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ ही आहे. आपल्याकडील दहा अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे एकही क्रमांक या मापात बसत नाही. डेटाबेस काटेकोर पद्धतीवर लावलेला नसेल, तर तो तक्रार न करता प्रत्येकाच्या नावापुढे २१४७४८३६४७ हाच आकडा लिहून ठेवतो. दिसायला तो दहा अंकी, अगदी फोन क्रमांकासारखा! अमेरिकेत तर डॅलस शहराचा विभाग क्रमांक २१४ असल्याने तो तेथीलच कोणाचा तरी वाटतो. त्यातून ‘एक क्रमांक एकदाच’ अशी अट त्या रकान्यावर घातलेली असली, तर पहिल्या दुकानदाराची नोंद होते आणि दुसऱ्यापासून सर्वांना ‘आपली नोंद आधीच झाली आहे’ असे उत्तर मिळते. पूर्णांकाचा मोठा प्रकार निवडून हे अर्धेच सुटते, कारण सांगलीच्या ०२३३ मधील आरंभीचे शून्य त्यातही गळते. हळदीचा एचएसएन क्रमांक ०९१० ने सुरू होतो. तोही ९१० होऊन बसतो. ज्याची बेरीज आपण कधी करणार नाही, तो रकाना अक्षरांचा ठेवावा, एवढे सूत्र त्या मुलाला सांगितले तरी पुरे. जीएसटी क्रमांकाचा रकानाही अक्षरांचाच, आणि पुऱ्या १५ अक्षरांचा.

जिची बेरीज करावयाची असते, त्या रकमेची कथा उलटी आहे. आपण लाख-हजार वाचायला सोपे जावे म्हणून स्वल्पविराम देतो. सव्वा लाखाची रक्कम कोणी १,२५,००० अशी टंकली आणि प्रोग्रॅमने ती तशीच आकड्यात बदलावयास घेतली, तर पीएचपी पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते. सव्वा लाखाचा एक रुपया होतो. स्वल्पविराम आधी काढून टाकावेत व रकान्याला ‘डेसिमल’ हा प्रकार द्यावा. ‘फ्लोट’ या प्रकारात दहा पैशांसारखी साधी रक्कमसुद्धा अचूक साठत नाही आणि वर्षअखेरीस हिशेब काही पैशांनी हटून बसतो. ते पैसे कोठे गेले, हे शोधण्यात गेलेल्या संध्याकाळची किंमत लावू नये. मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टंकणारे दुकानदारही आहेत. प्रोग्रॅमला फक्त इंग्रजी अंक ठाऊक असतील, तर त्यांचा फॉर्म ‘क्रमांक चुकीचा आहे’ म्हणून परत येतो. आपल्याच भाषेत लिहिले म्हणून गिऱ्हाइकाला चुकीचे ठरविणे बरे दिसत नाही. दहा अंकांची अदलाबदल करणे हे दोन ओळींचे काम आहे.

देवनागरीचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षर व मात्रा ३ बाइट व्यापते. फॉर्मचे पान, डेटाबेसशी होणारी जोडणी आणि प्रत्यक्ष टेबल, या तिन्ही ठिकाणी हीच पद्धत ठरविलेली असावी लागते. टेबल जुन्या रोमन पद्धतीचे असेल, तर ‘शहा’ ऐवजी तीन प्रश्नचिन्हे साठतात. तिन्हींपैकी नुसती जोडणीच वेगळी असेल, तर टोप्या व शेपट्या लावलेल्या रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. मायएसक्यूएलने २०१८ मधील ८.० या आवृत्तीपर्यंत रोमन पद्धतच मूळ धरली होती. त्यामुळे जुन्या संकेतस्थळांत हे दुखणे अजून मुरलेले आहे.

याहून फसवा प्रकार ‘यूटीएफ-८’ या नावाचाच आहे. मायएसक्यूएलमध्ये या नावाची जी जुनी पद्धत आहे, ती एका अक्षराला फार तर ३ बाइट देते. देवनागरीला तेवढे पुरतात, म्हणून चाचणीत सारे ठीक दिसते. जोडलेल्या हातांच्या चित्रासारखी चित्राक्षरे मात्र ४ बाइटांची असतात. समजा, एका दुकानदाराने सूचनेच्या रकान्यात ‘नमस्कार’ लिहिले, पुढे जोडलेले हात टाकले आणि मग लिहिले, ‘५० नव्हे, १५ साड्याच पाठवाव्यात.’ काटेकोर पद्धत नसलेला डेटाबेस त्या चित्रापाशी मजकूर तोडतो. पेढीला फक्त ‘नमस्कार’ पोहोचतो आणि साड्या ५० जातात. आपली माणसे आधी नमस्कार करतात व कामाचे मागाहून बोलतात. नेमके तेच कापले जाते. यावरील उपाय ‘यूटीएफ-८-एमबी-४’ ही पद्धत २०१० पासून उपलब्ध आहे. काटेकोर पद्धतही २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून आपोआप चालू असते. पण जुना प्रोग्रॅम अडू लागला, की तो दुरुस्त करण्याऐवजी ही पद्धतच बंद करून टाकणारे तंत्रज्ञ कमी नाहीत. आपल्याकडे ती चालू आहे का, हे मालकाने स्वतः विचारावे.

नावांचा शोध ही मराठीची खास अडचण. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन काम भागवीत. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी, यंत्राला मात्र भिन्न. ‘वऱ्हाड’ मधील ‘ऱ्ह’ सुद्धा दोन तऱ्हांनी साठू शकतो. परिणामी दुकान यादीत असूनही शोधात सापडत नाही, आणि कोणीतरी ते पुन्हा नोंदविते. साठविण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणण्याची पायरी प्रोग्रॅममध्ये घालता येते. ‘शहा’ आणि ‘शाह’ यांचा प्रश्न मात्र यंत्राचा नाही. तो माणसानेच सोडवावा.

गोव्याच्या एखाद्या डिसोझा नामक व्यापाऱ्याने आपले नाव रोमन लिपीत लिहिले, तर त्यात ‘डी’ नंतर वरच्या अंगाला एक अवतरण चिन्ह येते. कित्येक फॉर्म नेमके याच गिऱ्हाइकाला अडतात. कारण असे, की प्रोग्रॅम डेटाबेसला द्यावयाच्या हुकमात गिऱ्हाइकाचे शब्द थेट चिकटवितो आणि त्या चिन्हाने हुकमाचे वाक्य मध्येच संपते. डिसोझांचा फॉर्म अडला तर एक मागणी जाते. पण त्याच फटीतून चोराला स्वतःचा हुकूम सरकविता येतो आणि तो साऱ्या ग्राहकांची यादी वाचू अथवा पुसू शकतो. धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण ‘फक्त’ लिहून रेघ ओढतो, ती पुढे कोणी शब्द वाढवू नये म्हणून. प्रोग्रॅममध्ये हेच काम ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ करते: हुकूम आधी पूर्ण लिहून बंद होतो आणि गिऱ्हाइकाचे शब्द त्यातील राखीव जागांत केवळ मजकूर म्हणून जातात. नावांतून ते चिन्ह काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने फट बुजत नाही, आणि माणसाचे नावही बिघडते.

दुहेरी मागणीचे कारण बहुधा मंद इंटरनेट असते. बटण दाबले, काही हालले नाही, पुन्हा दाबले. बटण निष्क्रिय करणे पुरत नाही, कारण पान ताजे केले तरी फॉर्म दुसऱ्यांदा जाऊ शकतो. फॉर्म उघडताच त्याला पावतीपुस्तकासारखा एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसाने तो स्वीकारू नये. अर्धवट मागणीचे दुखणे वेगळे. मागणीची मुख्य नोंद एका टेबलात व तिच्यातील मालाच्या ओळी दुसऱ्या टेबलात जातात. मध्येच सर्व्हर थबकला, तर नाव राहते आणि माल नाहीसा होतो. नावे लिहून जमा न लिहिण्यासारखेच हे झाले. ‘ट्रान्झॅक्शन’ ही सोय त्यासाठीच आहे: सर्व ओळी लिहिल्या गेल्या तर नोंद पक्की, अन्यथा पहिलीही रद्द. येथेही एक मौन सापळा आहे. ‘मायआयसॅम’ या जुन्या प्रकारच्या टेबलांत हा हुकूम निमूट ऐकला जातो, पण पाळला जात नाही. टेबले ‘इनोडीबी’ प्रकारची आहेत ना, हे पाहून घ्यावे.

आता त्या ‘धन्यवाद’ या शब्दाकडे वळू. बहुतेक बिघडलेल्या फॉर्ममध्ये तो डेटाबेसाचे उत्तर येण्यापूर्वीच दाखविला जातो. माल उतरवून घेतल्यावाचून आपल्यापैकी कोणी पोच देत नाही. मग संकेतस्थळाने तरी ती का द्यावी? नोंद पक्की झाल्यावर डेटाबेस त्या नोंदीचा जो क्रमांक देतो, तोच दुकानदाराच्या पडद्यावर यावा. क्रमांक मिळाला नाही, तर ‘मागणी नोंदली गेली नाही, कृपया दूरध्वनी करावा’ असे स्वच्छ लिहावे आणि भरलेला फॉर्म तसाच भरलेला राहू द्यावा. चाळीस ओळींची मागणी पुन्हा टंकावयास लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला शेजारच्या पेढीची वाट दाखविणे होय. क्रमांक हाती असला, की आठ दिवसांनंतरचा तो वादही उरत नाही. शिवाय प्रत्येक फॉर्मची प्रत ई-मेलने पेढीला यावी आणि दिवसअखेर आलेल्या प्रती व डेटाबेसातील नोंदी यांची संख्या ताडून पाहावी. रोजमेळ घालणाऱ्या घराला पाच मिनिटांचे हे काम जड वाटू नये.

बिघाड आधीच होऊन गेला असेल, तर दुरुस्तीपूर्वी संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून वेगळी ठेवावी. टोप्या-शेपट्यांची रोमन रांग पुष्कळदा मूळ देवनागरीत परत आणता येते, कारण तिच्यात मूळ बाइट शिल्लक असतात. प्रश्नचिन्हांत काहीच उरलेले नसते. ती नावे ई-मेलच्या प्रतींतून किंवा जुन्या बिलांतून पुन्हा भरावी लागतात. २१४७४८३६४७ चेही तसेच. दुरुस्तीनंतर चाचणीचा एक फॉर्म भरावा व त्यात वरील साऱ्या अडचणी मुद्दाम घालाव्यात: ‘ॲ’ ने सुरू होणारे नाव, देवनागरी अंकांतील फोन क्रमांक, स्वल्पविराम दिलेली रक्कम, रोमन लिपीतील डिसोझा, आणि सूचनेत जोडलेल्या हातांनंतर एक वाक्य. मग डेटाबेस उघडून ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. त्या नोंदीवर ‘चाचणी’ असे ठळक लिहावे आणि काम होताच ती काढून टाकावी. नाही तर दिवाळीच्या धांदलीत गोदामातील मंडळी तिच्याही साड्या बांधून ठेवतील.